रेस सोडली की ‘खट्ट’: जुन्या मोटरसायकलच्या मागच्या हबमधली रबरं काय करतात?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘विंटेज’ ही वेगळी नोंदणी आणली. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि अट अशी की चासी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. पडवीत, गोठ्यात पडलेली आजोबांची बुलेट बाहेर काढून उभी करायची हौस त्याआधीपासूनच होती, आता तिला सरकारी कागद मिळाला इतकंच.

अशा गाडीवर पहिला पैसा जातो रंगाला, क्रोमला, सीटला. मग इंजिनाला. सगळं चकाचक होऊन गाडी रस्त्यावर येते, आणि सिग्नलला रेस सोडली की मागून ‘खट्ट’. पुन्हा रेस दिली की आणखी एक ‘खट्ट’. तिसऱ्या गिअरमध्ये गर्दीतून हळू जाताना गाडी हिसके देते. मालक चेन ताणून घेतो. नाही गेलं, तर चेन-स्प्रॉकेटचा नवा सेट टाकतो. तरी नाही गेलं, तर क्लच प्लेटा आणि शेवटी गिअरबॉक्स खोलला जातो. बिल वाढत जातं. दोष पुष्कळदा मागच्या चाकाच्या पोटात असतो, मुठीत मावतील एवढ्या रबराच्या तुकड्यांत.

काउंटरवर त्यांना कुणी ‘कश रबर’ म्हणतं, कुणी ‘हब रबर’, कुणी ‘कपलिंग रबर’. वस्तू एकच.

रबर बसतं कुठे

मागच्या चाकात दोन भाग वेगळे करून पाहा. एक हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यात आऱ्या अडकवलेल्या असतात. दुसरं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर बसते ते दातेरी चक्र. सायकलमध्ये पायडल मारताना स्प्रॉकेट हबला थेट ओढतं, मधे रबर नसतं. मोटरसायकलमध्ये बहुधा तसं नसतं. स्प्रॉकेटच्या मागे काही जाड पाती असतात, हबच्या आत तशीच पाती असतात. ही पाती एकमेकांत आलटून पालटून बसतात आणि त्यांच्या मधल्या फटीत रबराचे ठोकळे ठासलेले असतात.

लोखंडाला लोखंड थेट लागतच नाही. इंजिन चेन ओढतं, चेन स्प्रॉकेट फिरवते, स्प्रॉकेटची पाती रबर दाबतात आणि ते दाबलेलं रबर हबची पाती पुढे ढकलतं. पेट्रोलमधून निघालेला सगळा जोर रस्त्याला लागण्याआधी या रबरातून जातो. रबर तुटून चाक सुटं होण्याची भीती मात्र नाही. रबर पार गेलं तरी पातं पात्यावर आपटून गाडी चालतच राहते, आणि दुखणं लवकर लक्षात येत नाही त्याचं कारणही हेच.

एकसिलिंडर इंजिन सलग ओढत नाही

बुलेट ३५०चं इंजिन घेऊ. एकच सिलिंडर, ३४६ सीसी, फोर-स्ट्रोक. त्यात क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. म्हणजे चार स्ट्रोकपैकी एकात इंजिन जोर देतं, उरलेल्या तिनांत उलट स्वतः जोर खातं: हवा आत ओढायला, ती दाबायला आणि धूर बाहेर लोटायला. त्यातही हवा दाबताना सगळ्यात जास्त.

इंजिनातल्या फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात. गाडीच्या माहितीपत्रकात छापलेला टॉर्क हा सरासरी आकडा असतो. स्फोटाच्या क्षणी खरा टॉर्क त्याच्या कितीतरी वर उसळतो आणि पुढच्याच क्षणी शून्याच्या खाली जातो. इंजिनातली फ्लायव्हील नावाची जड चक्रं ही चढउतार बरीच सपाट करतात, पण सगळी नाही.

जुन्या चार गिअरच्या बुलेटमध्ये टॉप गिअरला चाकाच्या एका फेरीत इंजिन साधारण सव्वापाच फेऱ्या मारतं. १९ इंची चाक धरून हिशोब केला, तर ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला वीस-बावीस धक्के चाकाकडे येतात. त्याच गिअरमध्ये वेग ३० वर आणला तर धक्के दहा-अकराच राहतात, पण दोन धक्क्यांमधला वेळ दुप्पट होतो आणि प्रत्येक धक्का वेगळा जाणवायला लागतो. म्हणून खटका आणि हिसके हळू चालवतानाच त्रास देतात, ७० वर गाडी ‘बरी’ वाटते. रबर दोन्हीकडे तेच असतं.

टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्फोट होतो. यामाहा आरएक्स १००चं ९८ सीसीचं इंजिन त्यामुळे लहान-लहान पण दुप्पट वेळा ढकलतं. (कायद्याच्या हिशोबात ती अजून विंटेज नाही. लोकांच्या लेखी केव्हाच झाली.) तिच्याही हबमध्ये रबर आहेच.

मग ‘खट्ट’ येतं कुठून?

बंद पडलेली जीप दुसऱ्या गाडीने ओढून नेताना काय होतं ते आठवा. मधे लोखंडी साखळी बांधली आणि ती ढिली असताना पुढच्या ड्रायव्हरने क्लच सोडला, तर साखळी ताठ होते त्या क्षणी असा दणका बसतो की हूक उपटतो. तिथेच नायलॉनचा जाड दोर असेल तर तो आधी ताणला जातो आणि मागची जीप हळूहळू चालू लागते. ओढणारी गाडी तीच, वजन तेच. फरक पडला तो जोर किती वेळात पोहोचला याचा.

मोटरसायकलची चेन कधीच पूर्ण ताठ नसते, तशी ठेवायचीही नसते. रेस देता तेव्हा वरची बाजू ताणलेली आणि खालची ढिली असते. रेस सोडली की चाक इंजिनाला ओढू लागतं आणि खालची बाजू ताणते. या अदलाबदलीत क्षणभर स्प्रॉकेटला काहीच अडवत नाही. ते मोकळं सुटतं, वेग घेतं आणि ढील संपली की आपटतं. रबर नसेल किंवा मेलेलं असेल तर लोखंड लोखंडावर आपटतं आणि सगळा दणका अगदी थोड्या वेळात बसतो. रबर जिवंत असेल तर तोच दणका जास्त वेळात पसरतो. वेळ पाचपट झाला तर सरासरी जोर पाचवा भाग उरतो, हे शाळेतलंच गणित आहे.

हा दणका नुसता कानाला त्रास देत नाही. तो चेनच्या पिनांवर बसतो, गिअरबॉक्सच्या पुढच्या लहान स्प्रॉकेटच्या खाचांवर बसतो, गिअरच्या दातांवर आणि बेअरिंगवर बसतो, आणि दुसऱ्या टोकाला आऱ्यांवर. मागच्या चाकाच्या आऱ्या वारंवार ढिल्या होतात किंवा हबपाशी जिथे वाकवलेल्या असतात तिथे तुटतात, आणि रिमवाला दर वेळी ‘खड्ड्यामुळे’ म्हणतो. तशा गाडीचं हब रबर एकदा पाहून घ्यावं.

मागच्या चाकातच का?

धक्के शोषायची जागा प्रत्येक कंपनीने आपापली निवडली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरलेल्या बीएसए एम २० मध्ये क्रँकच्या टोकालाच एक कॅम (उंचवटे असलेला तुकडा) आणि त्यावर दाबलेली जाड स्प्रिंग होती. धक्का आला की कॅम चढतो, स्प्रिंग दबते. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश एकसिलिंडर गाड्यांची हीच पद्धत. ट्रायम्फच्या साठच्या दशकातल्या दोनसिलिंडर गाड्यांत रबर क्लचच्या मध्यभागी असे. जुन्या बीएमडब्ल्यूला चेनच नव्हती, चाकापर्यंत जाणारा शाफ्ट (फिरता दांडा) होता, म्हणून त्यांनी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर स्प्रिंग घातली. नॉर्टन कमांडो आधी हबमधल्या रबराशिवाय आली आणि १९७१ मध्ये तिच्या मागच्या हबमध्ये रबर घालावं लागलं.

रॉयल एनफिल्डने मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच हे रबर मागच्या हबमध्ये नेलं आणि पुढे सोडलं नाही. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटमध्ये तोच हब आला.

दोन्ही जागांचे फायदे-तोटे आहेत. क्रँकवरच्या स्प्रिंगला जोर कमी सोसावा लागतो, कारण गिअरने तो अजून वाढवलेला नसतो, पण तिला सतत तेलात, सतत वेगात राबावं लागतं. मागच्या हबमधल्या रबराला पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या चौदा-पंधरा पट टॉर्क झेलावा लागतो. त्याबदल्यात खड्ड्यातून, दगडावरून चाकाकडून उलट येणारे धक्केही तेच अडवतं, चेनपर्यंत जाऊ देत नाही. आणि ते बदलायला इंजिन खोलावं लागत नाही.

जुन्या बुलेटबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तिच्या क्रँकवर स्प्रिंग नाही आणि क्लचमध्ये रबर नाही. धक्के झेलायला मागच्या हबशिवाय कुणीच नाही.

बुलेटच्या हबची खासियत

ड्रम ब्रेकच्या जुन्या बुलेटमध्ये मागचं ३८ दातांचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम हा एकच बिडाचा ओतीव तुकडा आहे. त्याच्या पाठीला तीन पाती. हबला बसवलेल्या वाटीत तीन पाती. दोहोंच्या मधे सहा रबरं: तीन रेस देताना दबतात, उरलेली तीन रेस सोडल्यावर. तीन पिना आणि त्यांचे लॉक नट हे सगळं एकत्र धरून ठेवतात, पण ड्रमला किंचित फिरायची मुभा ठेवून.

यातून एक गोष्ट निघते, जी अनुभवी मिस्त्रीही कधीकधी विसरतात. ड्रम स्प्रॉकेटला जोडलेला असल्यामुळे मागचा ब्रेक दाबता तेव्हा तो जोरही रबरातूनच चाकाला लागतो. म्हणजे बुलेटमध्ये रबर मेलं तर ब्रेक लावतानाही खटका येतो. आरएक्स १०० मध्ये ब्रेक उजवीकडे, थेट हबवर आहे आणि स्प्रॉकेट डावीकडे वेगळं. तिथे ब्रेकचा रबराशी संबंध नाही. ब्रेक दाबताना खटका येतो की फक्त रेस देता-सोडताना येतो, हे बुलेटवाल्याने मिस्त्रीला आवर्जून सांगावं.

दुसरा परिणाम उष्णतेचा. घाट उतरताना मागचा ब्रेक धरून ठेवला की ड्रम तापतो, आणि रबरं त्याच्या पाठीलाच चिकटलेली आहेत. वरंधा किंवा आंबोली उतरताना गिअरवर गाडी धरणारा माणूस ब्रेक लायनिंगबरोबर हब रबरही वाचवत असतो.

रबर मरतं कसं

तीन तऱ्हांनी.

पहिली, झिजून. रोज हजारो वेळा दबून त्याच्या कडा खाल्ल्या जातात, फट वाढते. हब उघडल्यावर आत काळी भुकटी दिसली की समजावं.

दुसरी, कडक होऊन. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने वर्षानुवर्षं कडक होत जातं. आकार जसाच्या तसा, फट नाही, प्ले (मोकळी हालचाल) नाही, पण आत दाबलं जाण्याची ताकद संपलेली. वीस वर्षं न हललेल्या गाडीत हेच सापडतं, आणि तपासणीत ते हमखास निसटतं कारण सगळे फक्त ‘ढिलं आहे का’ एवढंच बघतात. अंगठ्याचं नख जोरात रोवून पाहा. चांगल्या रबरात नख थोडं रुततं आणि खूण लगेच भरून येते. मेलेल्या रबरावर नख घसरतं, किंवा बारीक भेगा उघडतात.

तिसरी, तेलाने. नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेल पितं, फुगतं आणि मऊ लोण्यासारखं होतं. चेनला भरमसाट जळकं ऑइल ओतायची सवय, गळका गिअरबॉक्स, किंवा बसवताना मिस्त्रीने चोपडलेलं ग्रीस, कारण काहीही असो, असं रबर थोड्याच काळात चिरडतं.

चौथा प्रकार रबराचा नाही, पण लक्षण तेच. बुलेटचा ड्रम हबच्या नळीवर प्रत्यक्ष घासत फिरतो, मधे बेअरिंग नाही. पावसाचं पाणी शिरून तिथे गंज धरला की ड्रम हबला जाम होतो. मग नवीकोरी सहा रबरं घातली तरी ती दबणारच नाहीत. पावसाळ्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या कोकणातल्या गाड्यांत याची शंका आधी घ्यावी.

न खोलता कसं ओळखायचं

बुलेट मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा. एका माणसाने मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायचा. आता ड्रम आणि स्प्रॉकेट पक्के झाले. टायर दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवा. जेवढा फिरेल तो सगळा प्ले रबराचा. चेनची ढील किंवा गिअरबॉक्सचा प्ले यात मिसळत नाही, हे या पद्धतीचं मोल. टायरवर आणि मडगार्डच्या कडेला खडूने खूण करून फरक मोजा. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेचा निकष असा की टायरपाशी मोजलेला मोकळा प्ले अर्ध्या ते एक इंचाच्या पुढे गेला की रबरं बदलावीत. टायरवरचा एक इंच म्हणजे हबला जेमतेम साडेचार अंश आणि चेनच्या जागी साधारण ७ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण ढिल्या चेनमध्ये आणखी ७ मिलिमीटर मोकळी धाव म्हणजे आपटायला चांगली जागा.

हलक्या हाताने ढकलल्यावर सहज होते ती हालचाल म्हणजे प्ले. त्यापुढे जोर लावल्यावर रबर दबून जे थोडं अंतर मिळतं आणि हात सोडताच परत येतं, ती तब्येत चांगली असल्याची खूण. जोर लावूनही अजिबात काहीच हललं नाही, तर रबर दगड झालंय किंवा ड्रम जाम आहे.

आरएक्स १०० सारख्या गाड्यांत हीच तपासणी उलटी. ब्रेक दाबला की हब पक्का होतो, म्हणून टायर न हलवता स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे करून पाहायचं. बोटं चेनमध्ये जाणार नाहीत अशी धरा, आणि इंजिन बंदच हवं.

स्प्रॉकेट आडवं, म्हणजे चाकाच्या डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो रबराचा दोष नाही. बेअरिंग किंवा घासलेली नळी तपासा.

रबर बदलताना

काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि विशेष हत्यार लागत नाही. ड्रमच्या बुलेटचा क्रम असा.

चेनची जोडकडी उघडून चेन मोकळी करा. ब्रेक रॉडचा नट आणि ब्रेक प्लेटला अडवणारा नट काढा. ज्या मॉडेलला मागच्या चाकातून स्पीडोमीटर आहे तिथे केबल सोडवा. दोन्ही बाजूंच्या गोगलगायीच्या आकाराच्या चेन अ‍ॅडजस्टरची कितवी खाच लागली आहे ते मोबाइलवर टिपून ठेवा, मग एक्सल काढा. चाक बाहेर काढायला मडगार्डचा मागचा भाग सोडावा लागतो किंवा गाडी कलवावी लागते. कलवायची तर दुसरा माणूस हवाच.

ब्रेक प्लेट निघाली की आतली धूळ फुंकू नका, कंप्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

आता वाटीच्या मागचे तीन लॉक नट सोडवून ड्रम सरळ बाहेर ओढा. नाही निघाला तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. ड्रम बिडाचा आहे, हातोडीने कडेला किंवा दातांवर मारलात तर टवका उडतो. लाकडाचा ठोकळा ठेवून, सगळीकडून थोडं-थोडं ठोका.

जुनी रबरं निघाल्यावर पाती उजेडात धरून बघा. मुळाशी भेग असेल तर तो भाग बाद. वेल्ड करून घेण्याची घाई नको. बीड वेल्ड करणं सोपं नाही, आणि चाकात तुटलं तर चेन अडकू शकते. नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, ड्रम तिच्यावर बोटाने फिरेल आणि डुलणार नाही असा बसला पाहिजे. या धातूवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. हात पुसा. मगच नवं रबर हातात घ्या.

रबर बसवायला साबणाचं दाट पाणी वापरा. ऑइल नाही, ग्रीस नाही. साबणाचं पाणी वाळून जातं आणि रबराला इजा करत नाही. सहा रबरं वाटीत बसली की ड्रमची पाती मधल्या फटींत घालायची. नव्या रबरात ती सहज जात नाहीत आणि जाऊही नयेत. पिनांचा आधार घेत, एका बाजूने तोंड धरून, दुसऱ्या माणसाने दाबत नेली की बसतात. ड्रम हाताच्या ढकलीने सैल पडला तर रबर चुकीच्या मापाचं आहे.

लॉक नट नवे घ्या, त्यांची आतली पकड एकदा वापरल्यावर कमी होते. कसून झाल्यावर ड्रम पकडून जोर लावा. तो रबराच्या विरुद्ध थोडा हलून परत आला पाहिजे. नटांनी ड्रम आवळला गेला असेल तर ही सगळी मेहनत वाया गेली समजा.

चाक चढवल्यावर चेनची जोडकडी लावताना तिच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. चेनची ढील सर्वांत ताठ जागी २५ ते ३० मिलिमीटर ठेवा, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो माना. दोन्ही अ‍ॅडजस्टर सारख्याच खाचेवर, आणि ब्रेक पुन्हा सेट करा.

“ट्यूबच्या पट्ट्या घातल्या की झालं ना?”

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून रबराभोवती गुंडाळायची, हा गावोगावचा जुगाड आहे. त्याला सरसकट हसायचं कारण नाही. रबर लवचीक आहे आणि फक्त थोडं झिजलं आहे, तर पट्टीने फट भरते आणि काही महिने निघतात. पण कडक झालेल्या रबरावर पट्टी घालणं म्हणजे फट बुजवून दुखणं झाकणं. आणि एकाच फटीत पट्टी घातली, बाकी तशीच ठेवली, तर सगळा जोर एकाच पात्यावर जातो. घालायची तर सगळीकडे सारखी.

“पॉलियुरेथेनचं घालतो, आयुष्यभर टिकेल”

टिकतं खरं, तेलालाही दाद देत नाही. पण बाजारात मिळणारे बरेच तुकडे मूळ रबराहून कडक असतात. कडक म्हणजे कमी दबणारं, आणि जितकं कमी दबेल तितका धक्का पुढे चेनकडे जातो. मऊ जातीचं मिळालं तर हरकत नाही. नखाची परीक्षा इथेही चालते. रोजच्या वापराच्या जुन्या बुलेटला चांगलं साधं रबरच योग्य, ते झिजलेलं परवडतं.

“मूळ कंपनीचा न वापरलेला जुना माल मिळालाय”

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सीलबंद पाकीट मिळालं की संग्राहक हरखतो. टाकी, दिवा, बॅज यांच्याबाबत तो आनंद रास्त आहे. रबराच्या बाबतीत नाही. चाळीस वर्षं पाकिटात पडलेलं रबरही चाळीस वर्षं म्हातारंच झालेलं असतं. पाकीट कपाटात शोभेला ठेवा आणि गाडीत ताजं रबर घाला. ते हबच्या आत असतं, नोंदणीच्या वेळी किंवा प्रदर्शनात कुणाला दिसत नाही.

ताजं घेतानाही सहाच्या सहा एका सेटची घ्या. नख रोवून सगळ्यांचा कडकपणा सारखा आहे का पाहा. आणि दुकानदाराला वर्ष आणि मॉडेल सांगा, नुसतं ‘बुलेटचं द्या’ म्हणू नका. सगळ्या गाड्यांत सगळे तुकडे सारखे असतात असंही नाही. कमांडोच्या हबमध्ये रेस देताना दबणारं रबर जाड आणि उलट बाजूचं पातळ असतं, अदलाबदल केली तर बसतच नाही.

“पूर्वी रबर नव्हतंच, गाड्या चालायच्याच की”

अगदी सुरुवातीच्या गाड्यांत चेनऐवजी चामड्याचा पट्टा होता. जोराचा धक्का आला की पट्टा घसरायचा आणि तेच संरक्षण होतं. चेन आली, घसरणं संपलं, म्हणून स्प्रिंग आणि रबर आलं. मोटोक्रॉसच्या गाड्यांत आजही बहुधा हब रबर नसतं, कारण मातीत चाकच घसरतं. त्याच गाड्या डांबरी रस्त्यावर पळवायच्या तर जाणकार हबमध्ये रबर असलेलं चाक बसवतात. डांबर चाकाला घसरू देत नाही.

रबरं काढून तिथे नायलॉनचे किंवा लाकडाचे ठोकळे ठोकून ‘पक्कं’ करणारेही भेटतात. पहिले काही दिवस गाडी चपळ वाटते, कारण मधली सगळी हालचाल गेलेली असते. त्यानंतरचा हिशोब आऱ्या आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग मांडतात.

रबर नवं, तरी खटका थोडा आहेच

जुन्या गाडीत मोकळी जागा एकाच ठिकाणी नसते. प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी), क्लचची घरं, गिअरच्या दातेरी कपलिंगमधली जागा, गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटच्या झिजलेल्या खाचा, मागची चेन, हे सगळे प्ले एकात एक मिळवले जातात. पहिला गिअर टाकतानाचा ‘ठक्’ तर बहुधा क्लचचा असतो, प्लेटा एकमेकींना चिकटून फिरत राहतात म्हणून. त्याचा दोष हब रबराला देऊ नये. रबर बदलून खटका निम्मा झाला आणि उरलेला फक्त रेस देता-सोडताना असेल, तर पुढचा संशय पुढच्या लहान स्प्रॉकेटवर. चेन काढून ते हाताने हलवून बघायला पाच मिनिटं लागतात.

चेन मात्र ताणून खटका घालवायचा प्रयत्न करू नका. ताठ चेन स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा) खाली-वर होताना आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. नवी रबरं घातल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ती जागेवर थोडी बसतात. तेव्हा चेनची ढील, आऱ्या आणि ब्रेक पुन्हा एकदा तपासा, आणि टायरवर खडूची खूण करून आलेला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी मोजता येईल.